वाचकांचे प्रश्न : खरेदीखतावर दोघे, घरपट्टीवर एकटा

प्रश्न : मैंदर्गीच्या एका वाचक भगिनीचे पत्र बरेच लांब आहे, त्यातला मुद्दा एवढाच. 2016 मध्ये पती-पत्नीने गावात प्लॉट घेतला. खरेदीखत अक्कलकोटच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दोघांच्या नावे नोंदले. पुढे दोघांच्या सहीने कर्ज काढून घर बांधले. गेली दोन वर्षे त्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यात माहेरी आहेत. घरात सासू-सासरे राहतात. पती पुण्यात नोकरीला असून हप्ते तोच भरतो. त्याचे म्हणणे असे की पैसे आपले, म्हणून घरही आपले. बायकोने हक्कसोडपत्र लिहून द्यावे, मग संमतीने घटस्फोट घेता येईल. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या पावतीवर नाव त्याचे एकट्याचे आहे. हक्कसोड द्यावे का? न दिल्यास निम्मे घर मिळेल का?

उत्तर : आधी घरपट्टीच्या पावतीची धास्ती काढून टाकलेली बरी. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतीच ती नोंद असते. मालकी ठरते ती नोंदणीकृत खरेदीखताने. हा घोळ आपल्याकडे जुना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावली, ती खरीखुरी मालकी होती. पुढे ग्रामपंचायतींच्या दप्तरी घर दोघांच्या नावे लावण्याची मोहीम आली आणि नमुना 8 वर नाव चढले म्हणजे बाई मालक झाली, असा समज पसरला. मैंदर्गीच्या पत्रात गोष्ट नेमकी उलटी आहे. कराच्या नोंदीत नाव नसले तरी खरेदीखतावर ते आहे, आणि वजन त्याचेच. त्या खताची सूची क्रमांक दोन आजच काढून ठेवावी. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिकाही काढावी आणि कर आकारणी नोंदवहीत आपले नाव लावण्याचा अर्ज नगरपरिषदेत द्यावा.

निम्मा वाटा मात्र आपोआप पक्का होत नाही, आणि इथे अनेक स्त्रियांची फसगत होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चे कलम 45 असे की, दोघांनी मिळून घर घेतले आणि पैसे वेगवेगळे घातले तर वाटे त्या पैशांच्या प्रमाणात. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर समान. म्हणजे खरेदीखतात वाटे लिहिलेले नसतील तर पती बँकेचे उतारे घेऊन भांडू शकतो. पत्नीनेही मग आपला पैसा शोधावा: मोडलेले दागिने, माहेरून आलेली रक्कम, पगारातून वळवलेले हप्ते. घरकामाचे काय? मद्रास उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये म्हटले की, गृहिणीच्या कष्टांमुळेच नवरा कमावू शकतो आणि मालमत्ता घेण्यात तिचाही हातभार असतो. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण वकिलाने तो पुढे ठेवायलाच हवा. हेच जोडपे गोव्यातले असते तर प्रश्न बराच सोपा झाला असता. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि वेगळे होताना निम्मी-निम्मी करतात. महाराष्ट्रात लग्नाने मालकी बदलत नाही.

आता हक्कसोडपत्राकडे. पत्रात हा शब्द फार सहजपणे आला आहे, कारण बहिणीने भावाला लिहून दिलेले हक्कसोड गावात प्रत्येकाने पाहिलेले असते. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात अशा हक्कसोडाला मिळणारी नाममात्र मुद्रांकाची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. दोघांनी विकत घेतलेल्या घरातला वाटा सोडला तर अनुच्छेद 52 नुसार त्यावर खरेदीखताइतके शुल्क लागते. म्हणजे पती जे स्वस्तातले समजतो, ते स्वस्त नाही. आणि फुकट वाटा सोडून वर घटस्फोटही त्याच्या मर्जीवर, हा पत्नीच्या दृष्टीने वाईट सौदा आहे.

स्वस्त वाट दुसरी आहे. राहत्या घराचे बक्षीसपत्र पती-पत्नीत केले तर मुद्रांक अवघा 200 रुपयांचा लागतो. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. यात दोन अटी सांभाळाव्या लागतात. घटस्फोटाचा हुकूम झाला की ती दोघे पती-पत्नी राहत नाहीत आणि ही सवलत हातची जाते. शिवाय बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेले. पाच लाख हातात घेऊन कागदावर बक्षीस लिहिले तर तो व्यवहार उद्या कोणीही उकरून काढू शकतो. पैसे द्यायचे-घ्यायचे असतील तर ते कोर्टातल्या तडजोडीत उघड लिहावेत.

त्या तडजोडीचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुंबईतल्या एका जोडप्याचा दोघांच्या नावे असलेला फ्लॅट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तडजोडीत पतीने फ्लॅटवरचा हक्क सोडला, पत्नीने पोटगी सोडली. फ्लॅट हा त्या वादाचाच विषय असल्याने नोंदणी कायद्याच्या कलम 17 मधील अपवाद लागू झाला आणि मुद्रांक शुल्काशिवाय तो पत्नीच्या एकटीच्या नावे नोंदवण्याचा आदेश मिळाला. म्हणून घटस्फोटाच्या अर्जातच घराचा पूर्ण तपशील, चतुःसीमेसह, घालायला वकिलाला सांगावे. घर अर्जात आलेच नाही आणि तडजोडीत मागाहून चिकटवले, तर नोंदणीचा आणि शुल्काचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि अंतिम हुकूम यांच्यात साधारणपणे सहा महिने जातात. ते माफ करता येतात असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. या मधल्या काळात कोणीही संमती मागे घेऊ शकते. नोंदलेले बक्षीसपत्र मात्र सहजी मागे घेता येत नाही. त्यामुळे पहिल्या तारखेलाच घर लिहून देण्याची घाई करू नये. दुसऱ्या तारखेच्या तोंडावर, पैशांचा डिमांड ड्राफ्ट किंवा पोटगीची हमी समोर असताना सही करावी. हा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखालचा; लिंगायत कुटुंबांत अलीकडे तो कायदा आपल्याला लागू नाही, असे कुठे कुठे ऐकू येते. 1955 च्या त्या कायद्याच्या कलम 2 मध्ये वीरशैव आणि लिंगायत यांचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा तो वाद इथे नको.

बँकेला नवरा-बायकोच्या तडजोडीशी देणेघेणे नसते. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोवर हप्ता थकला की दोघांचाही सिबिल स्कोअर बिघडतो, मग कोर्टाने घर कोणालाही देवो. बँकेने सहकर्जदाराला लेखी मोकळे करायला हवे, आणि ती हे करते ते उरलेल्या एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसत असेल तरच. नाहीतर दुसऱ्या बँकेतून नवे कर्ज काढून जुने फेडणे, किंवा घर विकणे, एवढेच मार्ग उरतात.

हिशेब कसा मांडायचा, हे आकड्यांत पाहू. समजा घराची किंमत 20 लाख, कर्ज बाकी 8 लाख, म्हणजे निव्वळ 12 लाख. समान वाटे धरले तर प्रत्येकी 6. वेगळे झाल्यापासून पतीने एकट्याने 2 लाख हप्ते भरले असतील तर त्यातले 1 लाख पत्नीच्या वाट्याचे. मग पतीचे 7, पत्नीचे 5. पण त्याच काळात घर त्याच्या आई-वडिलांच्या वापरात होते. पत्नीच्या निम्म्या वाट्याच्या वापराचे मोल ती तडजोडीत मागू शकते. हा दुसरा भाग बहुतेक बैठकांत कोणी काढतच नाही.

तडजोड झालीच नाही तर वाटपाचा दावा. मैंदर्गीतल्या घरासाठी तो घर ज्या हद्दीत आहे तिथल्या न्यायालयातच चालणार. घटस्फोटाचा अर्ज मात्र पत्नी आपण राहते त्या, म्हणजे कर्नाटकातल्या, न्यायालयातही करू शकते. अशा घराची मधोमध भिंत घालून वाटणी होत नाही. वाटप कायदा 1893 नुसार निम्मा वाटा असलेला सहमालक घर विकून पैसे वाटण्याची मागणी करू शकतो. यात एक मेख आहे. जो विक्री मागतो, त्याचा वाटा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची संधी दुसऱ्याला मिळते. ज्याला घर हवे आहे त्याने विक्री आधी मागू नये.

दरम्यान पतीने आपला वाटा परस्पर तिसऱ्याला विकण्याची भीती असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली दंडाधिकाऱ्यांकडे विक्रीला मनाई मागता येते. हा अर्ज पत्नी राहते तिथेही होतो. हिंसाचार झाला असेल तर सामायिक घरात राहण्याचा किंवा पर्यायी घराच्या भाड्याचा आदेशही त्याच कायद्यात आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सासऱ्याच्या मालकीचे घरही सामायिक घर असू शकते, असे म्हटले. इथे मालकी स्वतःचीच आहे.

पत्राच्या शेवटी विचारले आहे, घटस्फोट न घेता असेच वेगळे राहिले तर? मग दोघे एकमेकांचे वारस राहतात. आपल्याकडे दोघांच्या नावे घर असले म्हणजे एकाच्या पश्चात ते आपोआप दुसऱ्याचे होत नाही. गेलेल्याचा वाटा त्याच्या वारसांकडे जातो. या भगिनी उद्या मृत्युपत्राशिवाय गेल्या, तर त्यांच्या वाट्यात मुलांबरोबर पतीही येईल, आई-वडील येणार नाहीत. तसे नको असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र आताच करावे. वकिलाच्या खर्चाची अडचण असेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. सोबत खरेदीखत, कर्जाचा उतारा आणि लग्नाचा दाखला लागेल.