खपली उभी राहिली

[प्रस्तुत पाठात खपली या फार जुन्या गव्हाची माहिती दिली आहे. उंच वाढणारा आणि वाऱ्याने आडवा होणारा हा गहू दख्खनच्या छोट्या, कोरड्या हंगामात तग धरू शकावा, म्हणून शास्त्रज्ञांनी कोणते प्रयत्न केले, हे लेखकाने सोप्या भाषेत सांगितले आहे.]

रमजान ईद जवळ आली की आमच्या नानीच्या घरी शेवयांची तयारी सुरू होई. नानी उखळात गहू घाली, त्यावर पाण्याचा हबका मारी आणि मुसळाने कांडायला बसे. मी तेव्हा लहान होतो. एकदा मी विचारले, "नानी, गहू तर दळायचा असतो. मग हा कांडायचा कशाला?"

नानी हसून म्हणाली, "बेटा, हा साधा गहू नाही. ही खपली आहे. हिनं अंगावर दुलई पांघरली आहे. आधी ती काढायची, मग दळायचं."

नानीचे म्हणणे अगदी बरोबर होते. साध्या गव्हाची मळणी केली, की दाणा मोकळा होतो. खपलीचे तसे नाही. तिची ओंबी मळली की तिचे लहान लहान तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात बहुधा दोन दाणे असतात आणि ते घट्ट टरफलात बसलेले असतात. हे टरफल काढण्यासाठी खपली कांडावी लागते. काम कष्टाचे, पण खपलीचा रवा, तिच्या शेवया आणि तिची खीर यांची चव ज्याने घेतली, तो ती विसरत नाही.

खपली हा जगातील अतिशय जुन्या गव्हांपैकी एक आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. आज जेथे तुर्कस्तान, सीरिया, पॅलेस्टाईन, इराक हे देश आहेत, त्या भागात त्याने जे पहिले धान्य पेरले, त्यांत हा गहू होता. इजिप्त म्हणजे मिस्र देशात तर हजारो वर्षे याच गव्हाची भाकरी लोक खात. तेथील राजांच्या थडग्यांतही या गव्हाचे दाणे सापडले आहेत. हा गहू पुढे भारतातही पिकू लागला. महाराष्ट्रात त्याला खपली म्हणतात, कर्नाटकात जवे आणि तमिळनाडूत सांबा म्हणतात.

माझ्या मामूजानांचे शेत सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी आहे. ते दरवर्षी थोड्या रानात खपली पेरत. खपली चांगली उंच वाढे. मी शेतात शिरलो की बाहेरून कोणाला दिसत नसे. पण ही उंचीच एका वर्षी मामूजानांच्या मुळावर आली.

त्या वर्षी पीक जोमदार होते. ओंब्या भरत आल्या होत्या. मामूजानांनी संध्याकाळी शेताला पाणी दिले आणि त्याच रात्री जोराचा वारा सुटला. सकाळी आम्ही शेतावर गेलो, तर सगळे पीक जमिनीवर झोपलेले. जणू कोणी त्यावरून मोठा लाकडी ओंडका फिरवला होता. आडव्या पिकाचे दाणे नीट भरले नाहीत. जे भरले, त्यांतले बरेच काळे पडले. मामूजान बांधावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बियाणं वाईट नाही, बेटा. पण ते उभंच राहत नाही. घर चालवायचं तर उभं राहणारं पीक हवं."

पुढच्या वर्षी त्यांनी खपली पेरली नाही. त्या वर्षी ईदच्या शेवया बाजारातून आल्या. नानीने उखळ धुऊन अंगणाच्या कोपऱ्यात उलटे ठेवले.

मामूजानांसारख्या पुष्कळ शेतकऱ्यांनी त्या काळात खपलीकडे पाठ फिरवली. त्याची कारणे समजून घेण्यासाठी आधी आपल्याकडील हंगाम समजून घेतला पाहिजे.

गहू हे थंडीचे पीक आहे. पंजाब आणि हरियाणात थंडी लांबते. तेथे गहू पेरल्यापासून कापेपर्यंत सुमारे १४० दिवस मिळतात. दख्खनच्या पठारावर मात्र थंडी येते उशिरा आणि जाते लवकर. नोव्हेंबरमध्ये पेरलेल्या गव्हाला जेमतेम १०० ते ११० दिवस मिळतात. फेब्रुवारी उजाडला की ऊन तापू लागते, हवा कोरडी होते, विहिरींचे पाणी खाली जाते. नेमके याच वेळी दाणे भरत असतात. ज्या पिकाला उशीर झाला, त्याचे दाणे सुरकुततात. म्हणजे आपल्याकडच्या गव्हाला दोन गोष्टी साधाव्या लागतात. त्याने आपले काम लवकर संपवले पाहिजे आणि थोड्या पाण्यातून जास्तीत जास्त दाणा दिला पाहिजे.

जुनी खपली उष्णता बऱ्यापैकी सोसते. तांबेरा या रोगाशी झुंजण्याची शक्तीही तिच्यात आहे. ही शक्ती एवढी मोठी, की ऑस्ट्रेलियातील वॉटरहाऊस नावाच्या शास्त्रज्ञाने खपलीचा तेथील गव्हाशी संकर केला. त्या नव्या गव्हाचे नाव ठेवले 'खपस्टीन'. आपल्या मातीतल्या गव्हाचे नाव असे समुद्रापार पोहोचले. परंतु खपलीत एक मोठा दोष होता. ती आपली बरीचशी ताकद काड वाढवण्यात खर्च करी. खत आणि पाणी जास्त दिले, तर दाणे वाढण्याऐवजी उंची वाढे आणि पीक आडवे होई.

मग खपलीला बुटके करता आले तर? शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न हाती घेतला.

बुटक्या गव्हाची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. तेथे १९३५ साली 'नोरिन १०' नावाचा एक बुटका गहू तयार झाला. १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत गेले. पुढे मेक्सिकोमध्ये नॉर्मन बोरलॉग यांनी त्याचा गुण वापरून ठेंगणे, भरघोस गहू तयार केले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. आपल्या देशातील हरितक्रांतीला त्यामुळे मोठा जोर मिळाला. पण तो चपातीचा गहू होता. खपलीला त्याचा लगेच उपयोग नव्हता.

असे का? प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. चपातीच्या गव्हात ती ४२ असतात, तर खपलीत फक्त २८. अशा दोघांचा संकर झाला, तरी त्यांच्या संततीत दाणे नीट धरत नाहीत. मात्र बन्सी गव्हातही २८ गुणसूत्रे असतात. बन्सी हा खपलीचा जवळचा नातेवाईक आहे. बुटकेपणाचा गुण शास्त्रज्ञांनी आधी बन्सी गव्हात आणला. तेथून तो खपलीत आणण्याची वाट मोकळी झाली.

गव्हाचा संकर करणे हे फार नाजूक काम आहे. गव्हाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. फूल उमलण्याआधीच त्याचे स्वतःचेच पराग त्याच्या स्त्रीकेसरावर पडतात. म्हणून शास्त्रज्ञ ओंबी कोवळी असतानाच चिमट्याने प्रत्येक फुलातील तिन्ही पुंकेसर काढून टाकतो. मग ओंबीवर कागदाची पिशवी घालतो. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या झाडाचे पराग आणून त्यावर टाकतो. एवढे केल्यावर एका ओंबीत मोजकेच दाणे मिळतात.

खरी परीक्षा पुढे असते. दुसऱ्या पिढीत आई-बापांचे गुण वेगवेगळ्या तऱ्हेने वाटले जातात. एकाच वाफ्यात काही झाडे उंच, काही बुटकी. काही लवकर पिकणारी, काही उशिरा. काहींचे दाणे टरफलात, तर काहींचे मोकळे. एखादे झाड छान बुटके असते. पण त्याचे दाणे बन्सीसारखे निघतात. मग ती खपली कशी म्हणायची? अशा वेळी त्या झाडाचा पुन्हा खपलीशी संकर करतात. हजारो झाडांतून जे बुटके आहे, लवकर पिकते, तांबेऱ्याला दाद देत नाही आणि तरीही खपलीच आहे, असे झाड शोधायचे असते. त्याचे बी पुन्हा पेरायचे. पुन्हा निवडायचे. सहा-सात पिढ्यांनंतर कुठे सगळी झाडे सारखी येऊ लागतात. त्यानंतर निरनिराळ्या गावांत चाचण्या होतात. शेतकऱ्याच्या हाती बियाणे पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज निघून जातात.

ही वर्षे थोडी कमी करण्यासाठी निलगिरीच्या डोंगरात वेलिंग्टन येथे एक पिढी उन्हाळ्यात घेतात. तेथील हवा थंड असते. शिवाय तेथे तांबेरा भरपूर असतो, त्यामुळे रोगाला बळी पडणारी झाडे आपोआप उघडी पडतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अशा रीतीने 'एम.ए.सी.एस. २९७१' ही बुटकी खपली तयार केली. बारामती तालुक्यातील होळ येथे या संस्थेचे शेत आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने 'डी.डी.के. १०२५' आणि 'डी.डी.के. १०२९' हे वाण दिले. वेलिंग्टनच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक वेगळी वाट धरली. त्यांनी एका जुन्या, उंच खपलीच्या बियांवर गॅमा किरण सोडले. किरणांमुळे बियांच्या गुणांत बदल होतात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात. त्यांतून शोधून शोधून 'एच.डब्ल्यू. १०९८' हा बुटका वाण निवडला गेला.

ही नवी खपली साधारण कमरेएवढी वाढते. तिचे काड आखूड आणि मजबूत असते. ती ताकद काडाऐवजी दाण्याला देते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली, तर ऊन फार तापण्याच्या आत तिचे दाणे भरतात. अर्थात, कमी पाण्यात टिकते म्हणजे तिला पाणी नकोच असे नाही. मुळे फुटताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना मिळालेले पाणी तिच्या फार उपयोगी पडते.

काही वर्षांपूर्वी मामूजानांनी हे नवे बियाणे आणले. सुरुवातीला त्यांचा विश्वास बसेना. "एवढीशी खपली? ही काय पिकणार!" असे ते म्हणत. फेब्रुवारीत मी गावी गेलो होतो. रात्री वारा सुटला. मामूजानांना झोप येईना. पहाटेची नमाज होताच ते बॅटरी घेऊन शेताकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. बॅटरीचा झोत पिकावर पडला. सगळी खपली ताठ उभी होती. मामूजान काही बोलले नाहीत. त्यांनी एक ओंबी तळहातावर चोळली. तिचे तुकडे झाले. दाणे टरफलातच राहिले. "अल्हम्दुलिल्लाह, खपलीच आहे ही," ते हळूच म्हणाले.

आता नानी नाही. खपलीचे टरफल आता गिरणीत निघते. पण त्या ईदला मामींनी मुद्दाम उखळ सरळ करून त्यात मूठभर खपली कांडली.

मामूजानांच्या घरात एका डब्यात थोडे जुने, उंच खपलीचे बी राखेत घालून ठेवलेले असते. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून त्यांनी ते मागून आणले. बांधाजवळ दोन ओळी ते दरवर्षी पेरतात. मी त्यांना म्हणालो, "मामूजान, आता नवी आहे ना? मग ही कशाला?"

ते म्हणाले, "अरे, तू शिक्षक आहेस ना? हे जुनं बी सगळ्यांनीच टाकून दिलं असतं, तर ही नवी कशापासून केली असती?"

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या.

शब्दार्थ

हबका – ओंजळीने मारलेला पाण्याचा शिडकावा
मळणी – कापलेल्या पिकातून दाणे वेगळे करणे
ओंबी – गव्हाचे कणीस
काड – गव्हाचा देठ, ताट
तांबेरा – पिकावर तांबूस ठिपके पाडणारा रोग
संकर – दोन वेगळ्या जातींचे मीलन
वाण – पिकाची जात

वाक्प्रचार

मुळावर येणे – नाशाला कारण होणे
पाठ फिरवणे – सोडून देणे
तग धरणे – टिकून राहणे
दाद न देणे – न जुमानणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नानी गहू का कांडत असे?
(आ) महाराष्ट्रातील गव्हाला सुमारे किती दिवस मिळतात?
(इ) 'नोरिन १०' हा गहू कोणत्या देशात तयार झाला?

२. कारणे द्या.
(अ) मामूजानांनी खपली पेरणे बंद केले.
(आ) बुटकेपणाचा गुण आधी बन्सी गव्हात आणावा लागला.
(इ) शास्त्रज्ञ वेलिंग्टन येथे गव्हाची एक पिढी घेतात.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
मामूजान जुन्या खपलीचे बी का जपून ठेवतात?

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उंच, जुनी, उशिरा, कोरडी, मजबूत

५. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. उपक्रम : तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारून पूर्वी पिकणाऱ्या पाच धान्यांच्या वाणांची नावे लिहा. त्यांपैकी आज कोणते पिकतात, ते सांगा.