पुरातत्त्वाची पदवी आणि चेन्नईतील वाटा

माणसाने मागे ठेवलेल्या वस्तू, वास्तू आणि वस्त्यांच्या अवशेषांवरून त्याच्या भूतकाळाचा शास्त्रीय शोध घेणारी विद्याशाखा म्हणजे पुरातत्त्वशास्त्र. ती निवडणाऱ्या मुलाच्या घरी नोकरीची चिंता व्यक्त होते व ती रास्तही आहे, कारण कायमस्वरूपी पदे थोडी असून त्यांच्या जाहिराती दरवर्षी निघतीलच असे नाही. मात्र नुसती पदवी आणि एखाद्या कौशल्याची जोड मिळालेली पदवी यांत किती अंतर पडते, हे चेन्नईत स्पष्ट दिसते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडल कार्यालय या शहरात असून त्या खात्यातील अधिकारीपदे संघ लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. तमिळनाडूचा स्वतःचा पुरातत्त्व विभाग १९६१ पासून कार्यरत आहे आणि कीळडीच्या उत्खननामुळे तो देशभर चर्चेत आला. मात्र राज्याच्या नोकरीसाठी तमिळचे ज्ञान आवश्यक असल्याने, चेन्नईत वाढलेल्या मराठी मुलांनी शाळेतील तमिळकडे दुर्लक्ष करू नये. अध्यापनासाठी ‘नेट’ परीक्षेचा मार्ग आहेच.

सरकारी नोकरी हाच एकमेव मार्ग, ही समजूत मात्र सोडून द्यावी. चेन्नईजवळच्या पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली. चेन्नई परिसरातीलच अत्तिरमपक्कम येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या शांती पप्पू यांनी सहकाऱ्यांसह उत्खनन करून तेथील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ मध्ये मांडले, आणि हे जागतिक दर्जाचे काम शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशन या बिगरसरकारी संस्थेतून झाले.

मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जवळची वाट कोरीव लेखांच्या अभ्यासाची आहे. दगड घासून स्वच्छ करावा, त्यावर ओला कागद बसवावा, राठ केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवावा आणि मग वरून शाई टिपावी, म्हणजे काळ्या पृष्ठावर पांढरी अक्षरे उमटतात. या ठशावरूनच पुढचे वाचन होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांच्या काळचा, १८०३ चा भोसले घराण्याचा विस्तृत मराठी लेख कोरलेला आहे आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. मराठी, मोडी आणि तमिळ या तिन्ही जाणणारे अभ्यासक विरळ असल्याने, ज्या तरुणाने हे साधले त्याच्या ज्ञानाला येथे निश्चित मोल आहे.

विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी रासायनिक जतनाचे, म्हणजे गंज व क्षार थोपवून वस्तू टिकवण्याचे, क्षेत्र खुले आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या एग्मोर येथील शासकीय संग्रहालयातील कांस्यमूर्ती पाहिल्यास या कामाची गरज पटते. शिवाय केंद्रसंरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीची अट असल्याने स्थळनोंदी, मोजणी व नकाशे करू शकणाऱ्यांनाही काम मिळू शकते.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संबंधित विभागाला एवढे अवश्य विचारावे, की विद्यार्थ्याला प्रत्यक्ष उत्खननावर किती आठवडे काम करायला मिळते आणि तेथे रेखाटन, मोजणी व नोंदवही त्याच्या हातून करवून घेतली जाते का.