आमचा नाथसागर

मित्रांनो, तुम्ही पैठणचे धरण पाहिले का? त्याचे नाव जायकवाडी. ते गोदावरी नदीवर आहे. धरणामुळे जो मोठा जलाशय झाला त्याला नाथसागर म्हणतात. पैठण हे संत एकनाथ महाराजांचे गाव, म्हणून हे नाव पडले.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी धरणाची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरण मातीचे आहे. लांबी सुमारे १० किलोमीटर. त्याला २७ दरवाजे आहेत. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते. गुरुजींनी सांगितले की १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एवढा मोठा आकडा मी वहीत शून्ये मोजून लिहिला.

नाथसागर परातीसारखा पसरट आहे. म्हणून उन्हाळ्यात त्याचे पाणी लई आटते. पण काठच्या उथळ पाण्यात पक्ष्यांना खायला मिळते. हिवाळ्यात दुरून रोहित पक्षी आणि बदके येतात. १९८६ साली इथे पक्षी अभयारण्य झाले.

धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरजवळच्या वृंदावन उद्यानासारखे ते बांधले. आजी म्हणते, तिथली रंगीत कारंजी बघायला लांबलांबचे लोक यायचे.

पण आजी स्वतः बागेपेक्षा पाण्याकडेच जास्त बघते. कारण तिचे गाव पाण्याखाली आहे. धरणासाठी शंभराहून जास्त गावांची घरे नाहीतर जमिनी गेल्या. आजी तेव्हा माझ्याएवढी होती. तिच्या वडिलांनी घराची दारे, चौकटी काढून बैलगाडीत भरल्या आणि ते नव्या गावठाणात आले. आजी म्हणते, "आमची चूल बी पाण्यात गेली, पण पाणी पोचलं सगळ्यांना."

हे खरे आहे. डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आहे. जालना, परभणीकडच्या शेतांना त्याचे पाणी मिळते. छत्रपती संभाजीनगर शहरही हेच पाणी पिते.

परवा मी तांब्यातले उरलेले पाणी अंगणात फेकले. आजी रागावली नाही. नुसती म्हणाली, "ते तुळशीला घालायचं बाळा." आता मी तसेच करतो. तुम्ही पण करा.