पाहुणा घरात आला
शास्त्रपाठ : लूक १९:१–१०

जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. प्रभूने त्यास उंबरावरून खाली बोलाविले, ते त्याच्याच घरी उतरावे म्हणून. पाहुण्याने हिशेब मागितला नव्हता. तरी जक्कयाने अर्धे द्रव्य दरिद्र्यांस देऊ केले, व अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले.

असाच पालट आपल्या अहमदनगरच्या टिळक कुटुंबात घडला. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पण पत्नी लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नाही. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांस पटले, आणि त्या परजातीच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. अंतःकरणाचा पालट आधी घरच्या घागरीपाशी दिसला.

प्रिय बंधुभगिनींनो, उपासनेत डोळे पाणावतात, हे बरेच आहे. परंतु पश्चात्ताप घरी पोहोचला काय? दुकानाचे माप, भावाशी धरलेला अबोला, पाणवठ्यावरचा भेद, हे सर्व प्रभूस दाखविता येईल काय?

विचारार्थ प्रश्न : या आठवड्यात मी कोणाचे काय परत करावे?