वस्तू हातोहात नेली, तर टपालखर्च कोणाचा?

व्यवहारातील प्रत्येक रक्कम कोणत्या गोष्टीचा मोबदला आहे, हे ग्राहकाला ठाऊक असले पाहिजे. वस्तूची किंमत, कर आणि टपालखर्च एकाच देयकात येत असले, तरी त्यांचे स्वरूप भिन्न असते. आंतरजालावरील लिलावात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. वस्तू टपालाने जाईल असे गृहीत धरून तेथे देयक तयार होते. खरेदीदार मात्र कधीकधी जवळच राहणारा निघतो. तो वस्तू स्वतः नेण्याची तयारी दाखवितो आणि विचारतो, ‘जे टपाल झालेच नाही, त्याचा खर्च कशासाठी?’ येथूनच वादाला आरंभ होतो.

१९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या संकेतस्थळाने सामान्य माणसांमधील असे लिलाव जगभर रूढ केले. भारतातील बाझी डॉट कॉम ही कंपनी ईबेने २००४ साली विकत घेतली. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. ब्रिटनमध्ये ही पद्धत आजही प्रचलित आहे. वस्तू विक्रेत्याच्या घरून स्वतः नेण्याची सोय तेथे सर्रास दिली जाते. म्हणून तेथील एका कल्पित उदाहरणावरून हा प्रश्न समजून घेणे सोयीचे होईल.

वादाचे स्वरूप

समजा, मँचेस्टरमधील एका गृहस्थाने भिंतीवरील जुने घड्याळ लिलावास ठेवले आणि टपालखर्च १२ पौंड असे नमूद केले. अंतिम बोली ४० पौंडांची ठरली. बोली जिंकणारा शेजारच्या स्टॉकपोर्टचा. त्याच्यापुढे देयक आले ५२ पौंडांचे. तो म्हणतो, ‘घड्याळ मी येऊन नेतो, ४० पौंडच देईन.’ विक्रेता म्हणतो, ‘५२ पौंड मान्य करूनच आपण बोली लावली होती.’

दोघांचेही म्हणणे निराधार नाही. टपाल ही एक सेवा आहे आणि न मिळालेल्या सेवेचे मूल्य देऊ नये, हा खरेदीदाराचा युक्तिवाद सरळ आहे. विक्रेत्याने मात्र खोके व वेष्टन कदाचित आधीच आणलेले असते. शिवाय संकेतस्थळाचे शुल्क टपालखर्चासह एकूण रकमेवर आकारले जात असेल, तर त्याचाही भार त्याच्यावर पडतो.

या शुल्काला एक इतिहास आहे. शुल्क केवळ विक्रीच्या किमतीवर असताना काही विक्रेते वस्तू नाममात्र किमतीला विकून टपालखर्च भरमसाट लावीत; चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असा तो प्रकार होता. त्यास आळा घालण्यासाठी ईबेने अमेरिकेत २०११ पासून टपालखर्चही शुल्काच्या हिशेबात धरला. वरील उदाहरणात शुल्क १० टक्के धरल्यास ५२ पौंडांवर ते ५.२० पौंड होते आणि ४० पौंडांवर ४ पौंड. म्हणजे शुल्कापोटी विक्रेत्याचे नुकसान फार तर १.२० पौंड इतकेच आहे. तेवढ्यासाठी १२ पौंड मागणे समर्थनीय ठरत नाही. रक्कम भरण्यापूर्वी देयक दुरुस्त करून घेतल्यास हा प्रश्नही उरत नाही.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनचा १९७९ चा माल विक्री अधिनियम आणि भारताचा १९३० चा माल विक्री अधिनियम, या दोहोंचे मूळ १८९३ च्या इंग्रजी कायद्यात आहे. त्यामुळे या प्रश्नावर दोन्ही कायदे जवळजवळ एकच सूत्र सांगतात. वस्तू विक्रेत्याने पाठवावयाची की खरेदीदाराने न्यावयाची, हे उभयतांच्या करारावर अवलंबून असते. ब्रिटनच्या अधिनियमात कलम २९ मध्ये आणि भारताच्या अधिनियमात कलम ३६ मध्ये ही तरतूद आहे. याविषयी काहीच ठरलेले नसेल, तर भारतीय कायद्यानुसार वस्तू विक्रीच्या वेळी जेथे असेल तेथेच तिचा ताबा द्यावयाचा असतो. वस्तू ताबा देण्यायोग्य स्थितीत आणण्याचा खर्च, अन्यथा ठरले नसल्यास, विक्रेत्याने सोसावयाचा, असेही दोन्ही कायदे सांगतात.

हे सूत्र घड्याळाच्या उदाहरणास लावले असता तीन शक्यता दिसतात.

पहिली, लिलावाच्या सूचनेत ‘स्वतः नेल्यास टपालखर्च नाही’ असा पर्याय दिलेला असेल, तर १२ पौंड मागण्याचा विक्रेत्यास अधिकार नाही.

दुसरी, ‘वस्तू फक्त येऊन न्यावी’ असे लिहिले असेल, तर बांधणीचा किंवा हाताळणीचा खर्च मागाहून जोडता येत नाही.

तिसरी, ‘वस्तू टपालानेच पाठविली जाईल, खर्च १२ पौंड’ एवढेच नमूद असेल, तर करार त्याच अटींवर झालेला असतो. खरेदीदारास तो एकतर्फी बदलता येत नाही. येऊन वस्तू नेण्याची विनंती तो करू शकतो. ती मान्य करणे विक्रेत्याच्या इच्छेवर आहे. दोघांची संमती असेल, तर अटी अवश्य बदलता येतात. घरून वस्तू नेली जाण्यात विक्रेत्याचाही बांधणीचा आणि टपाल कार्यालयातील खेपेचा त्रास वाचतो. म्हणून प्रत्यक्ष झालेला किरकोळ खर्च देऊन उरलेली रक्कम सोडून देणे, हा मार्ग बहुधा दोघांनाही मानवतो.

विक्रेता व्यापारी असल्यास त्याची जबाबदारी वाढते. भारतात ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत आणि तीत समाविष्ट असलेला पोहोच, टपाल व हाताळणी यांचा खर्च वेगवेगळा दाखविणे आवश्यक आहे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. घरातील एखादी जुनी वस्तू क्वचित विकणाऱ्या खासगी व्यक्तीस मात्र हे नियम लागू होत नाहीत. तेथे लिखित शब्दच उपयोगी पडतो.

टपाल वाचले, पुरावाही गेला

टपालखर्चात केवळ वाहतूक मिळत नाही. वस्तू पोहोचल्याचा पुरावाही मिळतो. वस्तू हातोहात दिली, की टपालाची पावती उरत नाही. ‘मला वस्तू मिळालीच नाही’ असे उद्या खरेदीदाराने म्हटले, तर विक्रेत्यापाशी दाखविण्यास काही नसते. या अडचणीवर उपाय म्हणून ईबेने खरेदीदारास क्यूआर कोड व सहा अंकी क्रमांक देण्याची सोय केली आहे. वस्तू देताना विक्रेता त्याची नोंद करतो. खरेदीदाराने हा क्रमांक वस्तू नीट पारखून घेतल्यावरच सांगावा. रोख व्यवहार असल्यास तारीख, वस्तू व रक्कम लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावती करावी.

‘टपालखर्च सोडतो, पण पैसे संकेतस्थळाबाहेर द्या’ असे कोणी सुचविल्यास सावध व्हावे. थोडी रक्कम वाचते, परंतु संकेतस्थळाचे संरक्षण गमवावे लागते. भारतातील ग्राहकांनी हेही ध्यानी ठेवावे की यूपीआय पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो. पैसे मिळण्यासाठी पिन मागणारा मनुष्य फसवीत असतो.

बोली लावण्यापूर्वी

• लिलावाची सूचना शेवटपर्यंत वाचावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.
• वस्तू स्वतः न्यावयाची असल्यास, टपालखर्च वगळला जाईल का, हे संकेतस्थळावरूनच लेखी विचारावे.
• उत्तर मिळेपर्यंत टपालखर्च द्यावाच लागेल असे धरून आपली कमाल बोली ठरवावी.
• बोली जिंकल्यावर दुरुस्त देयक मागावे आणि मगच रक्कम भरावी.

विक्रेत्यांनीही सूचनेत ‘स्वतः नेल्यास खर्च शून्य’ किंवा ‘बांधणीखर्च इतका’ असे एक वाक्य आधीच लिहावे. बोलीपूर्वी विचारलेला प्रश्न ही चौकशी असते. तोच प्रश्न दारात उभे राहून विचारला, की त्याची तक्रार होते.