ऑफर लेटर हातात आल्यावर

गोंदियाहून परदेशातल्या शाळेत शिकवायला जावं का, हे विचारायला हल्ली कोणी ना कोणी घरी येतं. कधी डी. बी. सायन्स कॉलेजमधून बाहेर पडलेली पोरं, कधी तासिका तत्त्वावर राबून कंटाळलेल्या शिक्षिका, तर कधी मुलीला पाठवावं की नाही या विचारात पडलेले वडील. सगळ्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो. मी उलट त्यांचं वय विचारते.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. मी भौतिकशास्त्र शिकवते. बालपण आमगाव तालुक्यात गेलं, पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. काही वर्षं विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात काढली. मग संयुक्त अरब अमिरातीत आधी सीबीएसईच्या आणि नंतर केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळेत नोकरी केली. आता परत आले आहे. खाली लिहिलंय ते याच वाटेवरचं.

१. वय आधी, पगार नंतर

आपल्याकडे अनुदानित शाळेत किंवा जिल्हा परिषदेत लागायचं तर शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, हाच रस्ता. त्याला वयाची मर्यादा आहे : खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३. पस्तिसाव्या वर्षी पाच वर्षांसाठी बाहेर गेलेला खुल्या प्रवर्गातला माणूस चाळिशीत परततो, तेव्हा ही खिडकी बंद झालेली असते. तिकडचा अनुभव कितीही भारी असो, इथे त्याचा उपयोग खासगी शाळेत किंवा कोचिंग क्लासमध्येच. ‘चार पैसे कमवून येतो, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी हे ‘मग’ कोणत्या वर्षी येणार ते आधी कागदावर मांडावं.

शिक्षणसेवकांची अडचण वेगळी. २०२३ पासून मानधन स्तरानुसार सहा, आठ आणि नऊ हजारांवरून सोळा, अठरा आणि वीस हजार झालं, तरी तीन वर्षं त्यावरच काढायची असतात. त्यातली दोन झाली असतील तर तिसरं पूर्ण करा आणि मग निर्णय घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कायम झालेल्या शिक्षकाने राजीनामा देण्याआधी सेवापुस्तक आणि पेन्शनचा हिशेब घेऊन एखाद्या जाणत्या लिपिकासमोर बसावं. गावात असा एक तरी लिपिक असतोच. मुख्याध्यापकांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

२. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, वर्गात कोणता अभ्यासक्रम आहे ते बघा

भारताबाहेर सीबीएसईच्या दोनशेहून अधिक शाळा आहेत आणि त्यातल्या पुष्कळ आखाती देशांत. तिथली मुलं भारतीय, पालक भारतीय, पुस्तकं एनसीईआरटीची. स्टेट बोर्डाच्या शिक्षकाला तिथे रुळायला फारसा वेळ लागत नाही. पगार मात्र बेताचा आणि वर्ग भरलेले. दुसरीकडे केंब्रिज, ब्रिटिश किंवा आयबीच्या शाळा. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या आयबीत आणि केंब्रिजच्या १९८८ पासूनच्या आयजीसीएसईत शिकवण्याची रीतच निराळी आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

एक गोष्ट मुलाखतीत कोणी आपणहून सांगत नाही. एकाच शाळेत, एकाच विषयासाठी, थेट इंग्लंडहून आणलेल्या शिक्षकाचं पॅकेज आणि तिथेच भरती झालेल्या भारतीय शिक्षिकेचं पॅकेज वेगळं असू शकतं. तेव्हा विचारा. प्रश्न विचारल्यामुळे नोकरी गेलेली मी पाहिली नाही.

दुबईतली शाळा असेल तर एक सोय आहे. तिथल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केएचडीए या सरकारी संस्थेचे तपासणी अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत. त्यात श्रेणी असते, एका शिक्षकामागे किती मुलं ते असतं आणि वर्षाला किती टक्के शिक्षक सोडून जातात तेही असतं. मी सगळ्यात आधी हा शेवटचा आकडा बघते. दर वर्षी तिसरा हिस्सा शिक्षक पळत असतील, तर शाळेच्या माहितीपुस्तिकेतले स्विमिंग पूलचे फोटो बघत बसण्यात अर्थ नाही.

३. कागद. पुन्हा कागद.

आपल्या भागातली निम्मी स्वप्नं इथेच अडकतात. अनेकांनी पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलेलंच नसतं. गुणपत्रिका आणि प्रोव्हिजनलवर इथे वर्षानुवर्षं चालून जातं, बाहेर चालत नाही.

मग साक्षांकन. भारत २००५ पासून हेग ॲपोस्टिल करारात आहे. त्यामुळे ओमान, बहारीन, सौदी अरेबियासारख्या करारातल्या देशांसाठी राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का पुरतो. अमिरात आणि कतार करारात नाहीत. त्यांच्यासाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि तिथे पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं, अशी शिक्क्यांची रांग लागते. ऑफर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा बी.एड. आणि पदवीचं काम आधीच करून ठेवा. नंतर घाईत एजंट दुप्पट पैसे मागतात.

बायकांसाठी याहून मोठा गुंता नावाचा. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव, पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर आणखी काही तरी. इथे ‘त्याच बाई आहेत हो’ म्हणून भागतं. परदेशातल्या एचआरला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज पडल्यास प्रतिज्ञापत्र, असा संच करून ठेवा. लग्न ठरलेल्या मुलींना मी सांगते : पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका, तसं कायदा कुठेही सांगत नाही. यावर एक-दोन सासूबाई माझ्यावर रागावल्याही आहेत.

४. एजंटला किती द्यायचे?

परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. तो नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. चांगल्या शाळा तर शिक्षकाकडून एक पैसा घेत नाहीत आणि अमिरातीचा कायदाही भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारू देत नाही. ‘सध्या व्हिजिट व्हिसावर या, नंतर बदलून देऊ’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

५. ऑफर लेटर उलट्या क्रमाने वाचा

सगळे वरचा मोठा आकडा वाचतात आणि लगेच त्या दिरहमांचे रुपये करतात. तुम्ही खालून सुरुवात करा. मूळ पगार किती आणि भत्ते किती? अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात : पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे एकवीस दिवसांचा मूळ पगार, पुढे तीस दिवसांचा. समजा एकूण पगार आठ हजार दिरहम आहे आणि त्यात मूळ चारच हजार दाखवलाय. मग एका वर्षाची ग्रॅच्युइटी दोन हजार आठशे दिरहम. सगळे आठ हजार मूळ असते तर पाच हजार सहाशे. पाच वर्षांत हा फरक चौदा हजार दिरहमांचा होतो. एवढ्या पैशांत गोंदियातल्या घराचा स्लॅब नाही, पण बोअरवेल आणि मोटार नक्की होते.

मग बघा : परिवीक्षाकाळ किती (कायद्याने सहा महिन्यांहून जास्त नाही), घर शाळेचं की भत्ता, घर असेल तर खोलीत दुसरी शिक्षिका आहे का, वर्षातून एकदा तिकीट कोणत्या विमानतळापर्यंत, मुलांच्या फीमध्ये किती सूट आणि किती मुलांना. नवऱ्याला आपल्या व्हिसावर नेता येतं. त्यासाठी चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहायची सोय लागते. बाई नवऱ्याला नेते, हे ऐकून गावात लोक हसतात. हसू द्या.

शिकवणीचा मुद्दा वेगळाच. आपल्याकडे शिक्षकाचं अर्धं घर शिकवण्यांवर चालतं. तिकडे विनापरवाना शिकवणी घेणं बेकायदा आहे. अमिरातीत डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा मोफत परवाना मिळतो, पण तो मागावा लागतो. तेव्हा घरखर्चाच्या हिशेबात शिकवणीचे पैसे आधीच धरू नका.

६. राईस मिल घेऊन जा

केंब्रिजच्या शाळेने ऑनलाइन डेमो पाठ मागितला तेव्हा विषय होता वर्तुळाकार गती. मी गोंदियातल्या एका राईस मिलचा फोटो दाखवला : मोटारीची लहान पुली, यंत्राची मोठी पुली आणि दोन्हींवरून फिरणारा पट्टा. कोणती पुली जास्त वेगाने फिरते, असं विचारलं. मुलं भांडली. पट्ट्याचा वेग दोन्हीकडे सारखाच, म्हणून लहान पुलीचे फेरे जास्त, हे त्यांनीच शोधलं. खडूची खूण करून फेरे कसे मोजायचे हेही त्यांनीच सुचवलं. पाठानंतर मुलाखतकाराने माझ्या पदव्यांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच : चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला तुम्ही ‘असं का वाटतं?’ असं विचारलंत, ते ठरवून की सवयीने?

खरं सांगायचं तर ती सवय आपल्याकडे लावायला वेळच मिळत नाही. पोर्शन संपवायचा असतो. वहीत उत्तर उतरवून द्यायचं, मुलांनी ते पाठ करायचं. आयजीसीएसईच्या प्रश्नपत्रिकेत ‘सांगा’, ‘वर्णन करा’, ‘स्पष्ट करा’, ‘सुचवा’ यांचे गुण वेगवेगळ्या पद्धतीने मिळतात. ‘वर्णन करा’ला कारण लिहिलं तर गुण नाही, ‘स्पष्ट करा’ला नुसतं वर्णन केलं तरी नाही. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि गुणदानाच्या पत्रिका घेऊन बसा. एखाद्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा त्यातून जास्त मिळेल.

पण कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. सूत्राची सिद्धता फळ्यावर पायरी पायरीने मांडणं, साठ पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने शांत ठेवणं, प्रयोगशाळेत साहित्य नसताना प्रयोग करून दाखवणं हे आपल्या शिक्षकांना येतं. तिथल्या अनेक सहकाऱ्यांना ते जमत नव्हतं. मुलाखतीत या गोष्टी उदाहरणासकट सांगा. ‘मी मेहनती आहे’ हे तर सगळेच सांगतात. साळीचा भुसा बॉयलरमध्ये जाळून उसना तांदूळ कसा करतात, त्यावर उष्णतेचा अख्खा धडा उभा राहतो आणि तो तुमच्याइतका चांगला लंडनच्या शिक्षकाला घेता येणार नाही.

शिस्तीबाबत मात्र सवयी मोडाव्या लागतात. पाठीवर थाप नाही, कान पिळणं तर दूरच. एकट्या मुलाबरोबर दार बंद करून बसायचं नाही, विद्यार्थ्याला खासगी व्हॉट्सॲप करायचा नाही. चांगल्या शाळा जुन्या मुख्याध्यापकांकडून थेट पत्र मागवतात आणि पोलिस पडताळणी घेतातच. म्हणून इथली नोकरी भांडून सोडू नका.

७. सुटी रोवणीत येते

हे कोणी सांगत नाही. अमिरातीत शाळांची मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे आपल्याकडे धानाची रोवणी चाललेली, गावात हाताला माणूस मिळत नाही आणि विमानाची तिकिटं वर्षातली सगळ्यात महाग. दिवाळीत तुम्ही वर्गात असता. नागपूरहून शारजा आणि दोह्याला थेट विमानं झाल्यापासून गोंदियाहून जाणं सोपं झालंय, पण आजारी आईसाठी रातोरात निघायचं तर हिशेब वेगळा होतो. माझी आई म्हणाली होती, ‘‘कायले जाते वो बाई इतक्या दूर?’’ यावर युक्तिवाद नसतो. भावाशी, वहिनीशी आधी बोलून घ्या : दवाखान्यात कोण नेणार, सातबाराच्या कामाला कोण जाणार, पैसे कोणाच्या खात्यावर येणार. संकोच वाटतो खरा. पण हे बोलणं झालेलं नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात फोनवर भांडणं सुरू होतात.

आणि हो, बाहेर गेल्यावर बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या खात्यात बदलून घ्यावं लागतं.

८. इंग्लंडचं म्हणाल तर

फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना इंग्लंडच्या पात्र शिक्षक दर्जासाठी, म्हणजे क्यूटीएससाठी, थेट अर्ज करता येतो. अकरा ते सोळा वयोगटाला शिकवण्याची पात्रता लागते. अर्जाला शुल्क नाही. मात्र तो दर्जा मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही आणि व्हिसा तर नाहीच. तरी आखाती देशांतल्या ब्रिटिश शाळांत त्याचं वजन पडतं. बी.एड. झालेल्या आणि थोडा अनुभव असलेल्या विज्ञान शिक्षिकेने अर्ज करून ठेवायला हरकत नाही.

९. दोन्ही दारं उघडी ठेवा

गेल्या हिवाळ्यात सालेकसा तालुक्यातली एक मुलगी आली होती. वय सव्वीस, एम.एस्सी. बी.एड., खुला प्रवर्ग. ओमानच्या सीबीएसई शाळेची ऑफर, पगार बरा, घर शाळेचं. तिचे बाबा जाऊ नको म्हणत होते, ती जाणारच म्हणत होती. आम्ही तिघं हिशेब करत बसलो. तीन वर्षांनी ती एकोणतीस होणार, म्हणजे पवित्र पोर्टलसाठी नऊ वर्षं हातात. मग बाबांचा सूर थोडा बदलला. ओमानसाठी ॲपोस्टिल पुरतो, तो काढायचं ठरलं. पदवी प्रमाणपत्र अजून विद्यापीठातच होतं. ते आणायला दोघं दुसऱ्या दिवशी नागपूरला गेले.