परवान्याची बंदूक, मद्य आणि वाहन

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी काहीजण सैन्यात गेले आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक घेऊन बँकांच्या दारी सशस्त्र रक्षक म्हणून उभे राहिले. त्या परवान्यावर त्यांच्या घरची चूल पेटते. स्मरणिकेसाठी कायद्याचा एक पाठ लिहावा असे ठरले तेव्हा आम्ही हाच विषय घेतला, कारण दंडापेक्षा फार मोठी हानी येथे होऊ शकते आणि तिची कल्पना अनेकांना नसते.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. असा एक रक्षक शनिवारी काम संपवून पुतण्याच्या हळदीसाठी नागपूरहून वर्ध्याकडे निघतो. बंदूक खोळीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलेली आहे, परवाना खिशात आहे. वाटेत मित्रांसोबत थोडे मद्य घेतलेले आहे. रात्री नाकाबंदीत गाडी थांबते.

पहिला प्रश्न गाडीचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. गाडी चालवण्याचा नुसता प्रयत्नही त्यात येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुढील गुन्ह्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. श्वासाची चाचणी नाकारून सुटता येईल हा समज चुकीचा आहे. पुरेसे कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ नुसार आरोपीच्या विरुद्धच धरला जातो. मात्र अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी, न झाल्यास सुटका व्हावी, हा हक्कही त्याच कायद्यात आहे.

येथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. डिकी उघडली आणि बंदूक दिसली की दुसरे प्रकरण सुरू होते. मद्यपान करून बंदूक वाहून नेणे असा स्वतंत्र गुन्हा सांगणारे एखादे कलम दाखवा, असे कोणी विचारील. तसे कलम शोधण्याची गरजही पडत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २० मध्ये ‘परवाना असो वा नसो’ या अर्थाची शब्दयोजना आहे. शस्त्र ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत नेले जात आहे, तीवरून ते बेकायदेशीर कामासाठी वापरले जाईल असा सकारण संशय आला, तर पोलीस अधिकारी वॉरंटाविना अटक करून शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. शांतपणे परवाना दाखवणाऱ्याबाबत असा संशय सहसा येत नाही. पण नाक्यावर हुज्जत घालून ‘माझ्याकडे बंदूक आहे’ असे बोलून गेलेल्या माणसाने तो संशय स्वतःच पुरवलेला असतो.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेताना ते पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचे त्यावर प्रभावी नियंत्रण असावे, अशी अट आहे. पंचशीलातील पाचव्या शीलाने मद्याला प्रमादाचे कारण मानले आहे. नियमातील ‘नियंत्रण’ हा शब्द आम्हाला त्याच्या फार जवळचा वाटतो. गाडी दुसरा कोणी शुद्धीवर असलेला चालवीत असेल तर कलम १८५ चा प्रश्न मिटतो, परंतु बंदुकीवर नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न तसाच राहतो. ती डिकीत ठेवून मंडपात जाऊन बसलेल्याचेही तेच.

परवान्याची अट मोडल्यास कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याची मुदत संपलेली निघाली तर गोष्ट फार गंभीर होते, कारण विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ व कमाल ५ वर्षे कैद आहे. हळदीच्या मांडवात हौसेने बार काढला आणि कोणाच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हेही विसरता येत नाही. गाडीत उरलेली अर्धी बाटली म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली आणखी एक गुन्हा, ज्यात गाडीही जप्त होऊ शकते.

तरीही आमच्या मते सर्वांत जड आहे ते शस्त्र अधिनियमाचे कलम १७. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास, किंवा परवानाधारक कोणत्याही कारणाने अपात्र ठरल्यास, परवाना देणारा अधिकारी तो निलंबित वा रद्द करू शकतो. जिल्ह्यात हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्ताकडे असतो. न्यायालयात दोष सिद्ध झालाच पाहिजे, अशी अट या कलमात नाही. म्हणजे १०,००० रुपये भरून माणूस घरी येतो, आणि काही दिवसांनी कारणे दाखवा नोटीस दारात येते. परवाना गेला की बंदूक गेली आणि तिच्यासोबत नोकरीही.

अशी नोटीस आल्यास ती कपाटात ठेवू नये. मुदतीत लेखी उत्तर द्यावे. त्यासोबत वैद्यकीय तपासणीचा कागद आणि जप्ती पंचनाम्याची प्रत जोडावी. पंचनाम्यात बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या बरोबर उतरली आहे ना, हे सही करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. आदेश विरुद्ध गेला तर त्याची कारणे लेखी मागता येतात आणि कलम १८ खाली अपील करता येते. आणि लग्नकार्याला जायचे असेल तर बंदूक घेऊन निघण्याचे कारणच नाही. शस्त्रे ठेव म्हणून घेण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ती दोन दिवस ठेवून पावती घेता येते.